अहमदीतलं बैठं घर

कुणाच्याही घरी गेले की पाटणकरसाहेब दारातच थांबून उंबरठा पायाने चाचपत. उंच असला तर यजमानालाच विचारत, "हे कशाला बांधून ठेवलंय?" नव्या माणसाला ते विचित्र वाटे. मलाही वाटलं होतं.

साहेब मूळचे नाशिकचे, कुवेतमधल्या अहमदीच्या तेल कंपनीच्या वसाहतीत घरांच्या देखभालीचे इंजिनिअर. आखाती युद्धानंतर मी पुण्याहून त्यांच्या हाताखाली रुजू झालो, तेव्हा पहिल्याच शुक्रवारी त्यांनी जेवायला बोलावलं. पन्नासच्या दशकात परदेशी अधिकाऱ्यांसाठी बांधलेलं ते बैठं घर. लांबलचक, बुटकं, पुढे आलेलं रुंद छत, कडेला मोटारीपुरती शेड. आत बैठक, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतच नव्हती. पुढे सरळ बोळ आणि त्याला लागून तीन खोल्या. पायरी कुठेच नाही. "माणूस थकला की आडवा होतो. घरही आडवंच हवं," साहेब म्हणाले.

सुमनवहिनींनी भाताचं पातेलं आणून नेमकं माझ्या ताटाशी ठेवलं. त्यांना दिसत नाही, हे जेवण संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

काचबिंदू होता. इराकी सैन्य शिरलं, दुकानं बंद पडली, डोळ्यांत घालायचं औषध संपलं. भारतात पोचेपर्यंत उशीर झाला होता. पुढे मुलगा त्यांना पुण्यातच ठेवून घ्यायला निघाला, तर वहिनी म्हणाल्या, "मला त्या घरात दिसतं." साहेबांनी आधी एकट्याने येऊन भिंतींवरची जळत्या तेलविहिरींची काजळी धुतली, मग त्यांना आणलं. पूर्वेच्या मोठ्या खिडकीतलं ऊन कुठवर आलंय ते वहिनी फरशीला पाय लावून सांगत. बोळात भिंतीला दोन बोटं टेकवून माझ्यापेक्षा भरभर चालत.

दहाएक वर्षं अशी गेली. मग त्या ओळीतल्या जुन्या घरांची तपासणी निघाली. ती साहेबांनीच करायची होती. शिडी मी धरली होती. त्यांनी स्वतःच्या बैठकीचं छत ठोकलं, तसा गिलावा सुटून हातात आला. आतल्या सळयांचे गंजून पापुद्रे झाले होते.

"डागडुजी करून अजून काही वर्षं काढता येतील, साहेब," मी म्हणालो.

"दुसऱ्या कुणाचं घर असतं तर हेच म्हणाला असतास?"

ते उतरले आणि वहिनींसमोर जाऊन बसले. "सुमन, छत कधीही खाली येईल. घर सोडावं लागणार."

वहिनींनी फरशीवरून पाय फिरवला. मग म्हणाल्या, "तुम्हालाच ते दिसायला हवं होतं का?"

घरं पाडली. साहेब-वहिनींना सलवा भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. साहेबांनी भिंतींना कठडे लावले, रोज हात धरून वहिनींना खोल्याखोल्यांतून फिरवलं. पण एका सकाळी साहेब कामावर असताना त्या बाथरूमच्या दारात पडल्या. हाड सांधलं, तरी त्यांनी चालणं सोडलं ते सोडलंच. खुर्ची आणि पलंग, एवढंच उरलं. पुढच्या उन्हाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

साहेब त्यांचं पार्थिव घेऊन नाशिकला निघाले, ते परत न येण्यासाठीच. विमानतळावर मी कसंबसं म्हणालो, "साहेब, तुम्ही सांगितलंत ते बरोबरच होतं."

"बरोबरच होतं. आजही तेच सांगेन." ते म्हणाले, "त्या घरात 'तुम्ही कुठे आहात' असं तिने मला कधी विचारलं नाही, रे. फ्लॅटमध्ये संध्याकाळभर विचारायची. आणि मी तिच्या शेजारीच बसलेला असायचो."