दिल्लीला धाडलेला अर्ज

चहा आधी संपवा, मग सांगतो. हसाल, पण मला अजून धड हसता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार म्हणून सारं लालबाग पेटलेलं. मी एका कचेरीत कारकून, पण संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत घटनापंडित. सैन्य, रेल्वे, टपाल दिल्लीचं; पोलीस आणि तुरुंग राज्याचे, असं रोज समजावायचो. गिरणीतून दमून आलेली माणसं बिचारी ऐकून घ्यायची.

अशात शेजारचे सावंत सत्याग्रहात पकडले गेले. कुठल्या तुरुंगात ठेवलंय, आठवडा झाला तरी कळेना. सावंतवहिनी माझ्या दारात आल्या.

"भावजी, माका एकदा त्येंका बघूचा आसा. अर्ज लिवून देतास?"

मी इंग्रजीत तीन पानं लिहिली. आता धाडायचा कुणाला? माझं डोकं तापलेलं. मुंबई हिसकावतेय दिल्ली, मग जाबही दिल्लीलाच विचारायचा; इथल्या साहेबांपुढे हात का जोडायचे? अर्ज थेट दिल्लीच्या गृहखात्याला, रजिस्टर टपालानं.

"दिल्लीक?" वहिनी म्हणाल्या. "पण धरल्यानी तर हयल्याच पोलिसांनी."

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं ते."

हे वाक्य आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

वहिनी रोज दुपारी पोस्टमनसाठी जिन्यात उभ्या राहायच्या. "दिल्लीचं काम, वेळ लागतोच," मी बजावायचो. दोन आठवड्यांनी त्यांनी विचारणं सोडलं. एका सकाळी त्या एकट्याच पोलीस चौकीत गेल्या आणि सावंतांचं नाव सांगून बसून राहिल्या. दुपारपर्यंत तुरुंगाचा पत्ता मिळाला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला भेटून, त्याच्या हातावर भाकरी ठेवून आल्या.

पुढे सावंत सुटले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दिल्लीचा लिफाफा आला. इंग्रजी वाचणारा चाळीत मीच, म्हणून सगळ्यांसमोर मलाच वाचायला लावलं. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला.

"पोलीस आणि तुरुंग हे विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात. अर्ज तिकडे करावा."

कुणी हसलं नाही. वहिनी तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, ह्या तर तुमचाच भाषण. दिल्लीवाल्यांका पाठ आसा."

तेव्हापासून गॅलरीत मी फक्त कपडे वाळत घातले.