कालव्यावरून गेलेली रेघ

कचेरीच्या फळ्यावर नवा नकाशा लागला त्या सकाळी तिथे सगळ्यांच्या आधी पोहोचला तो हॅलो. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण उभा जन्म लाऊडस्पीकर भाड्याने देण्यात आणि दर सभेआधी माईकवर फुंकर मारून ‘हॅलो, हॅलो’ करण्यात गेल्यावर माणसाचं दुसरं काय नाव उरणार? बायकोसुद्धा रागावली की त्याला हॅलोच म्हणायची, आणि ती बऱ्याचदा रागावलेली असायची.

विधानसभेचे मतदारसंघ नव्याने आखायचं काम चाललं होतं. हा कच्चा आराखडा लोकांनी बघावा, हरकत असेल तर पुढच्या सुनावणीत सांगावी, म्हणून तो बाहेर लावला होता. हॅलोने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, बोटाने आपली गल्ली शोधली, मग बाजार, मग कालवा, आणि बोट तिथेच थांबलं. जाड काळी रेघ थेट कालव्यावरून गेली होती. पलीकडची वस्ती शेजारच्या मतदारसंघात टाकली होती. म्हणजे अक्का शेजारच्या मतदारसंघात.

अक्का ही त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं, आणि पहिल्यांदा मत द्यायची वेळ आली तेव्हा हाताला धरून केंद्रावर तिनेच नेलं. पलीकडे शाळा नव्हती, त्यामुळे त्या वस्तीचं मतदानही पुलाच्या अलीकडच्या शाळेतच व्हायचं. दर निवडणुकीला अक्का पूल उतरून यायची, आणि भाऊबहीण शेजारशेजारच्या रांगांत गप्पा मारत पुढे सरकायची. कोणी कोणाला मत दिलं हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही, आणि दोघांनाही ते पक्कं ठाऊक असायचं.

गेलं वर्षभर मात्र बोलणं बंद होतं. अक्काच्या मुलीच्या लग्नात मांडवात दुसऱ्याच कोणाचा लाऊडस्पीकर लागला होता. सख्खा मामा गावभर माईक पुरवतो आणि भाचीच्या लग्नात परक्याचे स्पीकर, हे हॅलोच्या नाकाला असं झोंबलं की तो अक्षता पडायच्या आधीच उठून आला. नंतर त्याला चूक कळली होती. पण आपण होऊन जाऊन नाक कसं घासायचं? म्हणून त्याने मनाशी ठरवलं होतं की निवडणूक येऊ दे. रांगेत शेजारी उभी राहिली की अक्का काहीतरी बोलेल, ऊन फार आहे म्हणेल, आपण हो म्हणू, आणि मिटेल. त्या रांगेच्या आशेवर तो वर्षभर होता. आता रांगच कापून नेली होती.

‘यात कुठेतरी पाणी मुरतंय,’ तो घरी येऊन बायकोला म्हणाला.

मुरण्याची शंका यावी असा या मतदारसंघाचा इतिहासही होता. अगदी सुरुवातीला त्यात गिरणी, रेल्वेचं यार्ड, बाजार आणि वीटभट्ट्या एवढंच होतं. हॅलोचा बाप तेव्हा सायकलवर पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून ओरडत फिरायचा. गिरणीच्या वसाहतीत पाळी सुटल्यावर ओरडायचं, बाजारात दुकानं उघडायच्या आधी, भट्ट्यांवर कधीही, कारण तिथे कोणी वर बघत नसे. पुढे वर कुठेतरी धरण झालं. बुडालेल्या गावांची माणसं कालव्यापलीकडे आणून वसवली आणि ती याच मतदारसंघाला जोडली. बाजारवाल्यांनी नाकं मुरडली. पूल नव्हता, तेव्हा बाप अलीकडच्या काठावर उभा राहून पलीकडे ओरडायचा, आणि लोक हात हलवून ऐकू आल्याचं सांगायचे. अक्का त्यातल्याच एका घरात सून म्हणून गेली. नंतरच्या एका आखणीत टेकडीवरचे सरकारी बंगले जोडले, पुढच्या आखणीत काढून टाकले. मग गिरणी बंद पडली, तिच्या जागी उंच इमारती आल्या, आणि तिथले पहारेकरी हॅलोची लाऊडस्पीकरची रिक्षा फाटकाबाहेरच अडवू लागले.

एवढं सगळं बदललं, तरी निकाल ठरायचा कालव्यापलीकडे. ती माणसं गाव गेल्यापासून एकमेकांना धरून होती, मतही ठरवून द्यायची. म्हणून प्रत्येक उमेदवाराची शेवटची सभा पुलापलीकडे व्हायची. आत्ताच्या आमदाराला मागच्या खेपेला त्या वस्तीने जवळजवळ पाणीच पाजलं होतं, आणि तो जेमतेम निवडून आला होता. आता वस्तीच नकाशातून बाहेर. हॅलोच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथे.

तशी एक सुनावणी आधी झाली होती. नगरपालिकेच्या सभागृहात अधिकारी बाई आल्या होत्या, लोकांचं म्हणणं ऐकायला. माईक हॅलोचाच होता. तो स्वतः माईक हातात धरून खुर्च्यांमधून फिरला होता, त्यामुळे कोण कोण बोललं हे त्याला पाठ होतं. बाजार संघटनेचा अध्यक्ष पार्किंगवर घसरला होता. भट्टीवाला आपल्याला कोणत्याही मतदारसंघात ठेवा पण वीज द्या म्हणाला होता. निवृत्त मास्तरांनी इतिहास सुरू केला आणि तो संपवण्याआधी त्यांना बसवलं. कालव्याबद्दल एकही जण उठून बोलला नव्हता. हॅलोचा हिशेब सरळ होता. ज्याअर्थी माईकवर कोणी बोललं नाही, त्याअर्थी कोणीतरी कानात सांगितलं.

मग त्याचं शोधकार्य सुरू झालं. आमदाराच्या एका कार्यक्रमात तारा जोडता जोडता त्याने खडा टाकून बघितला.

‘साहेब, कालवा गेला की हो.’

आमदार म्हणाला, आम्हालाही पेपरातच कळलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत या माणसाने कधी खांद्यावर हात ठेवला नव्हता. हॅलोने मनातल्या यादीत त्याच्या नावापुढे खूण केली. चहाच्या टपरीवर मास्तर पेपर वाचत बसायचे, ते हॅलोला बघून पेपराची घडी घालू लागले. त्यांच्या नावापुढेही खूण झाली. वास्तविक हॅलो पेपर मागून नेतो आणि परत देत नाही, म्हणून ते घडी घालत होते, पण संशयी माणसाला एवढं साधं कारण पुरत नाही. अध्यक्ष रस्त्यात भेटला तेव्हा हसला म्हणून संशय, भट्टीवाला हसला नाही म्हणून संशय. घरी येऊन तो हे सगळं सांगायचा आणि बायको भाकऱ्या थापता थापता ऐकायची.

‘संशयाने पोट भरत असतं ना,’ ती एकदा म्हणाली, ‘तर मला हा तवा तापवावा लागला नसता. अहो, बहिणीची आठवण येते तर बहिणीकडे जा. आमदाराचे हात कशाला मोजताय?’

हॅलो ऐकणाऱ्यातला नव्हता. त्यात एक दिवस दूधवाल्याने सहज सांगितलं, की सुनावणीच्या दिवशी अक्का सभागृहाच्या पायऱ्या उतरताना दिसली होती. घाईने चालली होती, हाक मारली तरी थांबली नाही. झालं. बाकीच्या साऱ्या खुणा पुसल्या गेल्या आणि एकच उरली. अक्का सुनावणीला आली होती, माईकवर बोलली नव्हती, भावाला न भेटता निघून गेली होती. म्हणजे तिनेच आत जाऊन बाईंच्या कानात सांगितलं असणार. भावाशी एका रांगेत उभं राहायला नको म्हणून अक्काने आख्खी वस्ती पलीकडे नेली! हा विचार किती वेडगळ आहे हे कोणालाही कळलं असतं. हॅलोला मात्र तो इतका पटला की त्याने रिक्षा काढली आणि वर्षाने पहिल्यांदा पूल ओलांडला.

अक्काचं इस्त्रीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. कपड्यांचे गठ्ठे, मधे टेबल, त्यावर जळकट डागांची जुनी चादर. अक्का एका शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होती. तिने मान वर केली, त्याला बघितलं, आणि पुन्हा कॉलरकडे वळली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. हॅलो उंबऱ्यातच उभा राहिला.

‘तू सुनावणीला आली होतीस,’ तो म्हणाला. ‘नाही म्हणू नकोस. बघितलंय तुला.’

‘आले होते.’

‘कशाला?’

‘बोलायला.’ अक्काने इस्त्री कॉलरवरून फिरवली. ‘आम्हाला याच मतदारसंघात ठेवा, असं सांगायचं होतं. आमचा दवाखाना तिकडे, शाळा तिकडे, माझं माहेर तिकडे. बायकांनी मलाच पुढे केलं. दोन दिवस पाठ करत होते.’

‘मग बोलली का नाहीस? माईक माझ्याच हातात होता. राग असला तरी तो दिला असता मी तुला.’

अक्काने इस्त्री उभी करून ठेवली आणि पहिल्यांदा नीट त्याच्याकडे बघितलं.

‘तू माझ्या पुढेच उभा होतास, माझ्याकडे पाठ फिरवून. त्या बाईंनी विचारलं, कालव्यापलीकडच्या लोकांचं इकडे येणंजाणं आहे का? कोणी उठेना. मग त्या तुलाच म्हणाल्या, तुम्ही इथलेच ना, तुम्ही सांगा. काय सांगितलंस?’

हॅलोच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला आठवलं. म्हणजे विसरला कधीच नव्हता, फक्त ते बोलण्यात धरलं नव्हतं. त्याच्या माईकमधून आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं गेलं होतं. आपण माईकवर जे म्हणतो ती आवाजाची चाचणी, बोलतात ते बाकीचे, असंच तो समजत आला होता. त्या दिवशी लग्नाचा राग ताजा होता. बाईंनी विचारलं आणि तो माईक तोंडापाशी नेऊन म्हणाला होता, ‘त्यांचा आमच्याशी काही संबंध नाही. त्यांना जे लागतं ते बाहेरून आणतात.’ दोनचार जण हसले होते, आणि बाईंच्या शेजारचा कारकून मान खाली घालून लिहू लागला होता.

‘सख्खा भाऊ माईकवर सांगतोय, संबंध नाही म्हणून,’ अक्का म्हणाली. ‘मग मी उठून कोणता संबंध सांगणार होते?’

हॅलो गठ्ठ्यांपाशी येऊन बसला. बसल्या बसल्या त्याने तेच जुनं काढलं, की मग लग्नात परक्याचा लाऊडस्पीकर का लावलास.

‘मुलाकडच्यांनी आणला होता. मी नको म्हणू शकले असते. पण तुला मी कुठल्याच लग्नात बसलेलं बघितलं नाही. तारा ओढत, घामाघूम, सगळ्यात शेवटी जेवणारा. म्हटलं, एक दिवस मामा म्हणून ये, पुढच्या खुर्चीत बस. खुर्ची धरून ठेवली होती तुझ्यासाठी.’ तिने पुन्हा इस्त्री उचलली. ‘रिकामीच राहिली.’

हॅलो रडला. चांगला बाप्या माणूस, गठ्ठ्यांच्या आडोशाला बसून रडला, आणि अक्काने त्याला रडू दिलं. मग चहा टाकला.

दुसऱ्या सुनावणीला सभागृह भरलं होतं. हॅलोने माईक जोडला आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतःच समोर जाऊन उभा राहिला. मागच्या वेळी आपण बोललो ते रागाने बोललो, ते धरू नका, पलीकडची माणसं आमचीच आहेत, असं त्याने भाचीच्या लग्नासकट सगळं सांगितलं. सभागृह पोट धरून हसलं. अक्कानेही तिचं पाठ केलेलं न अडखळता म्हटलं. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोघांची हरकत लिहून घेतली आणि समजावून सांगितलं, की दोन्हीकडची लोकसंख्या आता जुळते, कालवा ही ठळक हद्द आहे, आणि कोणा एकाच्या एका वाक्यावर कधी रेघ ओढली जात नाही.

रेघ होती तिथेच राहिली. बाईंचं म्हणणं खरं असेलही. आमदाराने कानात काही सांगितलं असेल, किंवा नसेलही. पण हॅलोला आता फक्त एकाच माणसाचा संशय होता, आणि तो रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटायचा.

मतदानाच्या दिवशी त्याने शाळेत जाऊन एकट्याने मत दिलं आणि चालत पूल ओलांडला. पलीकडचं नवं केंद्र पंपघराशेजारच्या गोदामात होतं. बाहेर रस्त्यावर चुन्याची रेघ ओढलेली होती आणि रेघेपाशी पोलीस उभा होता. हॅलो येरझाऱ्या घालू लागला तसा पोलिसाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘इथले मतदार का तुम्ही?’

हॅलो नाही म्हणाला. त्याच्या बोटावर शाई होती आणि तो दुसऱ्या मतदारसंघातला होता. मग इथे काय काम, कोणाकडून आलात, खिशात काय आहे, असे प्रश्न सुरू झाले. बहीण आत आहे असं त्याने सांगितलं, ते पोलिसाला पटलं नाही. पानटपरीपाशी उभी असलेली वस्तीतली पोरंही त्याच्याकडे टक लावून बघत एकमेकांत कुजबुजू लागली. हॅलो चुन्याच्या अलीकडे अंग चोरून उभा राहिला.

अक्का बाहेर आली. हॅलोने बोट दाखवलं, तसं पोलिसाने तिलाच विचारलं.

‘बाई, हे तुमची वाट बघतोय म्हणतात. यांचा तुमचा काय संबंध?’

अक्काने हॅलोकडे बघितलं.

‘भाऊ आहे माझा,’ ती म्हणाली. ‘ऐकू आलं ना, की माईक मागवू?’

मग तिने रेघ ओलांडली, ऊन फार आहे म्हणाली, आणि हॅलो हो म्हणाला.