तळवे बघणारे डॉक्टर

खंदारे डॉक्टर तापाच्या माणसाची जीभ नंतर बघायचे. आधी तळहात, मग तळपाय. ते वालूरला नवे आले तेव्हा लोक हसायचे, "डॉक्टर हाय का जोशी?" ते शांतपणे म्हणायचे, "तळवा काय लपवीत न्हाई." त्यांच्या पिशवीत चिमटा आणि रॉकेलची छोटी बाटली असे. कुणाला गोचीड चिकटलेली दिसली की ते ती कातडीलगत धरून, न पिरगाळता सावकाश ओढायचे आणि बाटलीत टाकायचे. ती बाटली दिसली की मी तोंड फिरवायचो.

तशी ही किळस घरातलीच. आई धार काढून झाली की गायीच्या कानातल्या गोचिडी वेचायची. एरंडाच्या बीएवढ्या फुगलेल्या. एकेक अंगठ्याच्या नखावर ठेवून दुसऱ्या नखानं चिरडायची. टच् आवाज यायचा, काळं रक्त उडायचं, आणि ती बोटं पदराला पुसून आई भाकरी थापायला बसायची.

डॉक्टरांनी एकदा तिला रस्त्यावरूनच हटकलं होतं, "माय, नखावर मारू नका. तिचं रगत बोटाच्या चिरीतून तुमच्यात जातंय. रॉकेलात टाका." ते गेल्यावर आई मला म्हणाली, "आता ह्यानं आमाला शिकवावं." डॉक्टर बौद्ध होते, आणि नामांतराच्या दंगलीला दोनच वर्षं झाली होती. मी हसलो होतो.

त्या उन्हाळ्यात आईला ताप चढला. डोकं ठणकायचं, अंग मोडून यायचं. चौथ्या दिवशी लाल पुरळ उठलं. चुलतीनं माता आल्याचं ठरवून दाराला लिंबाचा डहाळा बांधला. मी शाळामास्तर, तरी आणखी एक दिवस गप्प बसलो, मग डॉक्टरांना आणलं. आईनं हातपाय गोधडीत ओढून घेतले.

"जीभ बघा. हात कशाला पायजे? अन् मातेला औषध चालत न्हाई."

"गोवर तोंडावरनं उतरतो, माय. हे मनगटाकडनं चढायलंय. तळवा दावा."

तिनं दाखवला नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आई बरळू लागली, मला ओळखेना. मी धावत जाऊन त्यांना पुन्हा आणलं. या वेळी त्यांनी विचारलं नाही. मूठ उघडली, तळहातभर गडद ठिपके होते. "गोचिडीचा ताप हाय," ते म्हणाले. "काल दावलं असतं तर लय बरं झालं असतं." त्यांनी कॅप्सूल पाण्यातून स्वतः गिळवली आणि रात्रीपर्यंत उशाशी बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी आईचा ताप उतरला. शुद्धीवर येताच तिनं मला खुणावलं. मी गोठ्यातून तांब्याभर गोमूत्र आणून डॉक्टरांचा हात लागलेल्या बाजेवर शिंपडलं. डॉक्टर रोज येऊन तळवे बघायचे, ते वळले की मी शिंपडायचो. त्यांना कळत नाही असं मी धरून चाललो होतो.

शेवटच्या दिवशी ते फवारणीचा पंप घेऊन आले. आईचे तळवे बघितले; डाग विरले होते. मग अंगणात जाऊन चपला घालता घालता म्हणाले, "मास्तर, तुमचं शिंपडून होऊ द्या. मी थांबतो. मग त्याच गायीच्या गोठ्यात औषध मारू."

आवाज नेहमीसारखाच होता. ते खरंच थांबले. मी शिंपडलं नाही, पण तांब्या माझ्या हातात होता, आणि तो त्यांना दिसत होता.