गौराई, काय देऊ?

माझी धाकटी जाऊ पोरीला शाळेतून काढून घरी घेऊन आली, त्या दिवशी आमच्या गोठ्यात म्हैस व्याली होती आणि स्वयंपाकघरात गगनबावड्याकडचे पावणे जेवायला बसले होते. त्यामुळे ही बातमी नीट ऐकून घ्यायला कुणाला वेळच नव्हता. "अक्का, शाळा बंद," ती दारातून म्हणाली. मला वाटलं, पाऊस लई झाला म्हणून सुट्टी दिली असंल. "बरं झालं, ते कांद्याचं ताट तेवढं आण इकडं," मी म्हटलं. रात्री भांडी घासताना कळलं, ही सुट्टी पावसाची नव्हती, कायमची होती. पोरीला ती आता घरातच शिकवणार होती.

आमचं घर कोल्हापुरातच, पण मागं गोठा आहे. सकाळ-संध्याकाळ दारात दुधाच्या किटल्यांची रांग लागते. सासूबाई, मामंजी, माझे मालक, धाकटे भाऊजी, माझी नववीतली लेक, जाऊ आणि तिची आठ वर्षांची पोरगी, शिवाय येणारे-जाणारे. जेवल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही आणि हे गावाला ठाऊक असल्यामुळं लोक बरोबर जेवायच्या वेळेलाच येतात. अशा घरात शाळा काढायची म्हणजे यष्टी स्टँडवर गादी घालून झोपायचं. पण जाऊबाईंना सांगणार कोण?

कारण काय, तर शाळेत पोरीनं झाडाचं खोड जांभळं रंगवलं आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. बास. "शाळा मुलांचं कुतूहल मारते, अक्का," जाऊ म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मला शाळेत छड्या मारल्या. माझं कुतूहल बघ, अजून शेजारणीच्या घरात काय शिजतंय ते वासावरून सांगते." तिला ते पटलं नाही.

जाऊ काही पुण्या-मुंबईची नव्हे. नेसरीची शेतकऱ्याची लेक. शेणानं सारवलेल्या घरात वाढली, शेणात हात घालावा लागू नये म्हणून शिकत गेली ती एमएस्सी झाली. आणि आता? मोबाईलमध्ये एक बाई असते, कुठल्याशा डोंगरावर राहते, सुती झगा घालते, लाकडी चमच्यानं काहीतरी ढवळते, आणि तिची पोरं मातीनं भिंत लिंपतात. जाऊ ते डोळ्यांत पाणी आणून बघायची. त्या बाईच्या घरात पावणा येत नाही, 'ताई, दोन लिटर' म्हणून कुणी ओरडत नाही आणि खरकटं भांडं तर मी एकदाही बघितलं नाही. लिंपण शिकायला हिनं पैसे भरले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईला फोन लावला असतास तर फुकटात शिकवलं असतं की."

माडीवरच्या खोलीत शाळा भरली. दारावर कागदाच्या लगद्याची अक्षरं करून तिनं पाटी लावली : 'इथे घंटा नाही'. मामंजींनी चष्मा लावून ती वाचली. "घंटा न्हाय, मग सुट्टी कशी कळायची पोरीला?" त्यांनी विचारलं. "सुट्टीची गरजच नाही, मामंजी. शिकणं दिवसभर चालतं," जाऊ कौतुकानं म्हणाली. मामंजींनी पोरीकडं बघितलं आणि ते वैरण टाकायला गेले.

मग सुरू झाला हस्तकलेचा सुकाळ. आधी क्रोशा. मायलेकींनी रिमोटला झबलं विणलं, मिक्सरला विणलं, गॅसच्या टाकीला घेरदार झगा विणला. भाऊजींच्या हेल्मेटला टोपी विणली. आता हेल्मेट हीच टोपी, तिला आणि कशाला टोपी? पण बायकोपुढं बोलायची त्यांची टाप नव्हती. ते तसंच घालून मिरजकर तिकटीपर्यंत जाऊन आले, आणि चौकात कुणी हसलं की तो पोलिसालाच हसतोय असं दाखवत पोलिसाकडं बघायचे. दुधाच्या किटलीलाही लोकरीचा अंगरखा झाला, तेव्हा एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, "वहिनी, दुधाला थंडी वाजतीया काय?" मी म्हटलं, "व्हय. पाणी घालत न्हाई न्हवं, घट्ट दुधाला थंडी लौकर बाधते."

नंतर नैसर्गिक रंग आले. बीट उकळून त्यात मामंजींचे दोन पांढरे पंचे बुडवले. मामंजी जनावरांच्या बाजाराला निघाले तेव्हा खांद्यावर गुलाबी पंचा. बाजारात कुणीतरी म्हणालं म्हणे, "काय पावणं, लगीन जमलं का?" त्या दिवशी ते म्हैस न बघताच परत आले.

बाग तर विचारूच नका. गोठ्याशेजारच्या तुकड्यात मामंजींची वांगी-मिरची छान चालली होती. ती उपटून तिथं टायर रंगवून ठेवले आणि टायरात परदेशी भाज्यांचं बी पेरलं. भाजी उगवली, गोगलगायींना कळलं, गोगलगायी सहकुटुंब जेवून गेल्या. आमच्या घरची रीत त्यांनाही कळली होती. उरला तो फक्त कुंपणाकडंचा तेरडा, जो कुणी पेरलाच नव्हता. पण तिनं त्याचीही पाटी केली, शेजारी बांबूची काठी रोवली, आणि पोरगी रोज त्याची उंची मोजायची.

एवढं सगळं मी हसण्यावारी नेलं. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय. पण एक गोष्ट मला खुपायला लागली. ह्या सगळ्यात पोरीला कुठलीच गोष्ट नुसती करता येईना, तिचा धडा व्हायचाच. जेवायला बसली की जाऊ विचारायची, "भाकरीचा आकार कोणता? अर्धी केली की काय होतं?" पोरगी म्हणायची, "वर्तुळ. अर्धवर्तुळ. आई, गार व्हायला लागलीया." रेडकू उड्या मारतंय म्हणून बघायला पळाली, तर मागून जाऊ, "सस्तन प्राणी म्हणजे काय गं?" पोरीला ताप आला, अंग भाजत होतं, तर ही थर्मामीटर हातात घेऊन दशांश समजावत बसली. मी थर्मामीटर काढून घेतला आणि म्हटलं, "आता तेवढा पूर्णांक झोपू दे." ती माझ्यावर दोन दिवस फुगून होती.

एकदा रात्री पंगतीत पोरगी जाऊला म्हणाली, "बाई, भात वाढा." सगळे खो खो हसले. भाऊजींना ठसका लागला. जाऊला मात्र भरून आलं. "बघा," ती म्हणाली, "तिनं मला शिक्षिका म्हणून मनापासून स्वीकारलं." पोरगी खाली मान घालून भात कालवत राहिली. तिला मात्र हसू आलं नव्हतं.

अखेर मामंजींनी तोंड उघडलं. शाळेतलं नाव अजून काढलेलं नव्हतं, बाईंचे निरोप येत होते. "गौरी-गणपतीपतोर चालू दे तुमचं," ते जाऊला म्हणाले. "गौरी गेल्या की पोरगी शाळंत. आता ह्यात बदल न्हाय." मामंजींच्या शब्दापुढं आमच्या घरात कुणी जात नाही. जाऊ माडीवर जाऊन रडली. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. वेड असलं तरी तिनं ते जीव ओतून केलं होतं. पोरीसाठी तिनं स्वतःची कॉलेजातली नोकरी सोडली होती आणि तिचं सगळं आता त्या माडीवरच्या खोलीतच होतं.

चार दिवसांनी ती माझ्याकडं आली. मी शेपू निवडत होते. बसली, शेपू निवडायला लागली. ही मदत करायला लागली की समजावं, काहीतरी काम आहे.

"अक्का, यंदा गौर माझ्या पोरीला आणू दे."

तिचा डाव मला तिथंच कळला. आमच्याकडं गौर तेरड्याची. कुमारिकेनं तेरड्याची जुडी घेऊन यायचं, उंबऱ्यापाशी थांबायचं. तिच्या पायावर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. आणि मग आमच्या घरची खास रीत : सासूबाई विचारतात, "गौराई, काय देऊ?" पोरगी मागेल ते द्यायचं. नाही म्हणायचं नाही. ती त्या घडीला पोरगी नसते, गौर असते. माझ्या लेकीनं मागच्या खेपेला पाणीपुरी मागितली होती. पण माझ्या नणंदेनं तिच्या वेळी उंबऱ्यात उभं राहून मागितलं होतं, 'मला शिकायचंय, एवढ्यात लगीन नको,' आणि मुलाकडच्यांना शब्द दिलेल्या मामंजींना तो मोडावा लागला होता. आज ती शिरोळला शाळेत मास्तरीण आहे. मामंजींच्या शब्दावर घरात एकच इलाज होता, आणि जाऊनं तो बरोब्बर शोधला होता.

यंदाची पाळी माझ्या लेकीची होती. पण लेक मोबाईल मागणार हे मला पक्कं ठाऊक होतं, तेव्हा मीही काही संत नव्हे. "आणू दे की," मी म्हटलं. लेकीनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं, तिला नव्या ड्रेसवर गप्प केलं. माडीवर तालीम सुरू झाली. मी कपडे वाळत घालायला गेले की ऐकू यायचं, "काय म्हणायचं? मला घरीच आईकडं शिकू द्या. म्हण बघू." पोरगी म्हणायची. अगदी स्पष्ट, धडा म्हणतात तसं.

गौरीचा दिवस आला. तेरडा यंदा बाजारातून आणायचा नव्हता, कुंपणाकडंचाच उपटला. पोरीनं काठीवरची शेवटची खूण बघितली आणि स्वतःच्या हातानं मुळासकट काढला. परकर-पोलकं, डोक्यावर ओढणी, छातीशी तेरड्याची जुडी, मुळांतून पाणी ठिबकतंय. घर माणसांनी भरलं होतं. शिरोळहून नणंद आली होती. गल्लीतल्या बाया रांगोळी चुकवत दाराशी उभ्या होत्या. मामंजी सोप्यात खुर्चीवर, खांद्यावर तोच गुलाबी पंचा. आता त्यांना त्याची सवय झाली होती. ओवाळायचं ताट जाऊच्या हातात.

पायावर पाणी घातलं. तुकडा ओवाळला. सासूबाईंनी विचारलं, "गौराई, काय देऊ?"

जाऊचे ओठ पोरीच्या बरोबर हलायच्या तयारीत होते. पोरीनं जुडी आणखी घट्ट धरली.

"मला घंटा पायजे."

"देवातली व्हय गं?" सासूबाई गोंधळल्या.

"न्हाय. शाळंची."

बायांत कुजबुज झाली. जाऊ हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "अगं, असं नाही. आपलं काय ठरलं होतं? आठव बघू." शिकवण्याचाच सूर. त्या सुरानं पोरीचा बांध फुटला.

"आई, शाळंत घंटा झाली की बाई घरला जात्यात. तू जातच न्हाईस. तू बाई झालीस, ती परत आई होतच न्हाईस!"

मागं म्हैस हंबरली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि कांद्याचं निमित्त सांगावं तर कांदा चिरून कधीच झाला होता. मामंजींना हवं तेच झालं होतं, तरी ते पंच्यानं चष्मा पुसत बसले. जाऊच्या हातातलं ताट कलायला लागलं. निरांजन पडेल म्हणून मी ते काढून घेतलं.

रीतीप्रमाणं सासूबाईंनी 'दिलं' म्हणायचं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. जाऊच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे माझ्याकडचं न्हाय, बाळ. तू दे."

जाऊनं पदर तोंडावर दाबला. मग म्हणाली, "दिलं." आणि पोरगी उंबरा ओलांडून आत आली.

गौरी-गणपती पाण्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेली. दप्तर आईनंच शिवलेलं, जुन्या साडीचं. जाऊ दिवसभर घरभर फिरत होती. दुपारी दोनदा तांदूळ निवडले, तेही निवडलेलेच. संध्याकाळच्या दुधाची रांग लागायच्या आधीपासून पायरीवर येऊन बसली. हातात क्रोशाची सुई, पण टाका एक पडेना.

पोरगी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. दप्तर फेकलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आई!" जाऊ उठली. "आज काय शि..." म्हणाली आणि तिथंच थांबली. मी दुधाचं माप हातात धरून बघत राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, दूध." मी म्हटलं, "थांब जरा."

"आज काय खाणार?" जाऊनं विचारलं.

"भाकरी."

स्वयंपाकघराच्या दारात ताट मांडलं. पोरीनं भाकरी मोडून दोन तुकडे केले, एक हातात धरला आणि आईकडं बघत बसली. मला वाटलं, आलं आता अर्धवर्तुळ. जाऊनं त्या अर्ध्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "खा."