अनेझोची गच्ची

ग्रीसमधल्या अनाफी बेटावर अनेझोला सगळे 'गच्चीवाली' म्हणत. घर दोन खोल्यांचं, आणि त्यात ती एकटी. नवरा याकूमिस मालवाहू जहाजावर होता. जहाज भर समुद्रात बुडालं, माणसांचा पत्ता लागला नाही, आणि तिशीच्या आत अनेझोच्या अंगावर काळे कपडे चढले ते कायमचे. मूलबाळ नव्हतंच.

पुढे कधीतरी पाठीला सॅक लावलेली परदेशी पोरं बेटावर यायला लागली. शुक्रवारच्या बोटीने यायची, सोमवारच्या बोटीने परतायची. खोली त्यांना परवडायची नाही आणि वाळूत झोपलं की पोलीस उठवायचा. बंदरावर ताटकळत बसलेल्या दोन मुलींना अनेझोने एकदा घरी आणलं, गच्चीवर चटई टाकून दिली, पाण्याचं मडकं ठेवलं. तेव्हापासून उन्हाळ्यात तिची गच्ची कधी रिकामी राहिली नाही. पोरं जे हातावर ठेवतील ते ती घ्यायची.

तिचा धाकटा दीर माथिओस चौकात खानावळ चालवायचा. तोही पूर्वी जहाजावर होता, त्यामुळे इंग्रजी बोलायचा. वहिनीला चिडवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

"वहिनी, तुझ्यापायी माझी वरची खोली ओस पडलीय. आता गच्चीला पाटीच लाव."

"तुमच्या खोलीत ढेकूण आहेत, भावजी. माझ्याकडे नुसता वारा."

तोर्बेन आला तो एका ऑगस्टमध्ये. डेन्मार्कचा, एकोणीस वर्षांचा, उन्हाने नाक सोललेला. एकटाच होता. शनिवारी त्याने आपणहून चुन्याची बादली उचलली आणि अंगणातली भिंत रंगवायला घेतली. रविवारी दुपारी टॉवेल खांद्यावर टाकून निघाला. उत्तरेचा वारा तीन दिवस घोंगावत होता. त्या वाऱ्यात खडकांच्या बाजूला कोणी पाण्यात उतरत नाही. अनेझोने त्याला दारातच अडवलं. खडकांकडे, समुद्राकडे बोट केलं आणि जाऊ नको म्हणून सांगितलं. तो हसला, अंगठा उंचावला आणि गेला.

तो परत आला नाही. मच्छीमारांच्या होड्या दोन दिवस फिरल्या, पण हाती काही लागलं नाही. पोलीस येऊन सॅक घेऊन गेला. "मी अडवलं होतं हो," अनेझो भेटेल त्याला सांगायची. "ऐकलं नाही पोराने." गावही म्हणायचं, तरणं रक्त, कुणाचं ऐकतंय! त्या एका वाक्याच्या आधाराने तिने ते वर्ष काढलं.

वर्षश्राद्धाला तिने गहू उकडले, त्यात साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम घातले, आणि ताट घेऊन चर्चमध्ये गेली. प्रार्थनेत वाचायच्या मृतांच्या नावांत तिने सांगितलेलं नाव ऐकून पाद्री पापा-सीमोस अडून बसले.

"तोर्बेन? हे कुठल्या संताचं नाव, बाई? तो तर आपल्या पंथाचाही नव्हता."

"संताचं नसेल, पण त्याच्या आईने ठेवलेलं आहे. माझ्या याकूमिसला जिथे माती मिळाली नाही, तिथेच या पोरालाही मिळाली नाही. वाचा तुम्ही."

पापा-सीमोस कुरकुरले, पण त्यांनी ते नाव वाचलं.

त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये शुक्रवारच्या बोटीतून पन्नाशीची एक बाई उतरली. केस पांढरट, पायात जड बूट, पाठीवर सॅक. ती लेकाचं नाव सांगत सांगत गच्चीवालीच्या दारात पोचली. तोर्बेनची आई, बोदिल. अनेझोने तिला आपला पलंग दाखवला. बोदिलने वर बोट केलं. लेक जसा राहिला, तसंच तिला राहायचं होतं. तेच तीन दिवस, तीच चटई.

शनिवारी सकाळी दुभाष्या म्हणून माथिओस अंगणात येऊन बसला.

"विचारतेय, तो जेवला काय?"

"पाव आणि टोमॅटो. मेरीमातेच्या सणाआधीचे उपासाचे दिवस, माझ्याकडे दुसरं काय असणार! पण पोटभर जेवला म्हणावं. टोमॅटोचं पाणीसुद्धा पावाने पुसून खाल्लं."

"आणि दिवसभर काय करायचा?"

"ही भिंत त्यानेच रंगवली. निम्मा चुना भिंतीला, निम्मा स्वतःला."

बोदिल हसली. उठून तिने भिंतीवर हात ठेवला. मग पाठमोरीच तिने काहीतरी विचारलं.

माथिओस म्हणाला, "विचारतेय, रविवारी तू त्याला अडवलंस का?"

"अडवलं म्हणजे! हे असं अडवलं." अनेझो उठली. तिने खडकांकडे बोट केलं, मग समुद्राकडे. मग भुवया उंचावून मान झटक्याने वर उडवली आणि जिभेने 'च्यक्' केलं. बेटावरच्या रांगत्या पोरालाही कळणारं 'नाही'.

बोदिल बघत राहिली. तिने स्वतःची मान सावकाश वर करून पाहिली आणि हळू आवाजात दोन शब्द बोलली.

"काय म्हणतेय?"

"काही नाही."

"भावजी, सांगा."

"म्हणतेय... तू 'हो' का म्हणालीस?" माथिओसने नजर खाली घातली. "त्यांच्याकडे मान आडवी हलली की नाही, वहिनी. उभी हलली की हो. मीही पहिल्यांदा जहाजावर फसलो होतो."

अनेझो होती तिथेच खाली बसली.

"म्हणजे त्याला वाटलं, मी जा म्हणतेय. पोहायला तीच जागा चांगली, म्हणतेय."

"असं कशावरून? थांब, मी तिला सांगतो, तुझ्या घशात काहीतरी अडकलं होतं म्हणून मान..."

"खोटं सांगू नका. त्या माउलीला सांगा, इथे याला नाही म्हणतात. मी नाही म्हणाले, आणि तिच्या लेकाला हो दिसलं."

माथिओसने सांगितलं. बोदिलने ऐकून घेतलं आणि ती जिना चढून वर गेली. संध्याकाळी अनेझोने पायरीवर ठेवलेलं ताट तसंच राहिलं. त्याला मुंग्या लागल्या.

रविवारी दुसऱ्या वर्षश्राद्धाचे गहू उकडून तयार होते, पण अनेझो ताट मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसून राहिली. शेवटी माथिओसच तिला घेऊन गेला. पापा-सीमोसांनी नावं वाचली. याकूमिस. तोर्बेन. दाराजवळ कोणीतरी हुंदका दाबला. अनोळखी भाषेच्या एवढ्या मोठ्या प्रार्थनेत बोदिलला तेवढा एकच शब्द कळला होता.

नंतर सगळ्यांना मूठमूठ गहू वाटताना बोदिल पुढे आली. तिने ओंजळ पसरली. अनेझोने तिच्या ओंजळीत गहू घातले. बोदिलने उभ्या उभ्या एकेक दाणा तोंडात टाकला आणि काहीतरी बोलली. माथिओस तेव्हा बाहेर होता. ती काय बोलली, ते अनेझोला कधीच कळलं नाही. तो शाप होता की क्षमा, हे तिने चेहऱ्यावरून वाचायचा प्रयत्नही केला नाही. चेहरे आणि माना वाचण्यावरचा तिचा विश्वास उडाला होता.

सोमवारी बोदिल गेली.

त्यानंतर अनेझोने गच्ची कोणालाच दिली नाही. पोरं दारात यायची, ती दार उघडायची नाही. माथिओसने दोन-तीन उन्हाळे बघितलं आणि एक दिवस तो चिडलाच.

"त्यात तुझा दोष काय, वहिनी? दोष कुणाचाच नाही."

"तेच तर," अनेझो म्हणाली. "कुणाचा असता तर त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते."