नलिनीची बाटली

नलिनी गेल्याचं तिच्या भावानं जे. पी. नगरहून फोन करून सांगितलं. मी कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला काही नाही. होतं... सांगायला तोंड नव्हतं. दीड महिना झाला, आता लिहितोय. शाळा चौथीपर्यंतच, सांभाळून घ्या.

एकोणीसशे नव्वद साल लागलं तेव्हा ती आमच्या माडीवर भाड्यानं आली. कॉलेजात शिकवायची, आणि जमिनीखालच्या पाण्यातून घाण कुठं, किती वेगानं सरकते याचं गणित कंप्यूटरवर मांडायची. चौकोन आखलेला नकाशा दाखवायची. "अण्णा, हा चौकोन म्हणजे तुमचं परसू. इथलं मीठ दरवर्षी थोडं पुढच्या चौकोनात जातं." मीठ माझंच. मागच्या शेडमध्ये मी सूत रंगवायचो. रंग पक्का बसायला पोत्यानं मीठ लागायचं, आणि उरलेलं पाणी मी परसातल्या खड्ड्यात सोडायचो.

गल्लीतल्या प्रत्येक विहिरीचं पाणी तिनं मागितलं. ज्याची विहीर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवून एकेक बाटली दिली. शेड बंद पडेल या भीतीनं मी तिची बाटली विहिरीऐवजी नळाखाली धरली. तेव्हा बायको होती. म्हणाली, "पोरीला फसवताय? लाज वाटत नाही?" मी म्हटलं, "तू गप बस. एका बाटलीनं काय होतंय!"

काय झालं ते सांगतो. तिच्या गणितात माझी विहीर खारट येत होती, बाटली मात्र गोड. तिनं बाटलीवर विश्वास ठेवला. महिनोन्महिने आकडे बदलून गणित त्या बाटलीशी जुळवलं आणि मागच्या घरच्या लक्ष्मक्कांना सांगितलं, "तुमच्या विहिरीला इतक्यात धोका नाही." दुसऱ्याच उन्हाळ्यात त्यांचं पाणी खारट झालं. गल्लीत सगळ्यांसमोर लक्ष्मक्का म्हणाल्या, "तुझ्या कंप्यूटरला जीभ नाही काय गं?" सगळे हसले. मीही हसलो... महिन्याभरात तिनं माडी सोडली.

परवा तिचा भाऊ तो नकाशा देऊन गेला. माझ्या विहिरीच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलंय, "इथं माझंच काहीतरी चुकतंय. अण्णांना पुन्हा एक बाटली मागावी. पण किती त्रास द्यायचा?"

आज विहिरीत बादली सोडली. माडीवर राहिलेली तिची एक बाटली धुऊन भरली. लक्ष्मक्कांना हाक मारून बोलावलं, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिच्यासमोर का नाही सांगितलंत?"

बाटली माडीच्या खिडकीत ठेवलीय. ती चिकटवायची तशी चिठ्ठी चिकटवून वर माझं नाव लिहिलंय. या वेळी पाणीही माझंच आहे.