मॉनिटरसाठी डॉक्टर

आमची आत्या आयुष्यात कोणाला घाबरल्याचं अख्ख्या कल्याण पूर्वेत कोणाच्या ऐकिवात नाही. तिला घाबरणाऱ्यांना मात्र एकत्र बोलवायचं ठरवलं, तर विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर मांडव घालावा लागेल. पालिकेच्या शाळेत तिने उभी हयात काढली. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता रिक्षा चालवतात, पोलिसात आहेत, वकिली करतात, एक-दोघं नको त्या धंद्यातही आहेत. पण रस्त्यात बाई दिसल्या की सगळ्यांचा हात आधी शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाची मिरवणूक तिच्या बिल्डिंगखाली येऊन थांबली. डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि सोसायटीतली कर्ती माणसं दारं लावून सरकारला शिव्या देत बसली होती. आत्या चपला सरकवून खाली गेली, टेम्पोवर उभ्या असलेल्या दाढीवाल्या पोराकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "कुठल्या शाळेत होतास रे?" तो तिच्या शाळेतला नव्हता, कल्याणचाही नव्हता. तरी आवाज बंद झाला.

अशा बाईच्या वाट्याला कुत्रा आला तो ठाणे जिल्ह्यातला सर्वांत भित्रा. यात माझाही थोडा हात आहे. टेंभी नाक्याजवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. दहीहंडीच्या दिवशी नाक्यावर जो आवाज असतो त्यात भल्याभल्यांच्या छातीत धडधडतं. हे तर बोटभर शेपटीचं पिल्लू. ते दुकानात घुसलं, काउंटरखालच्या रिकाम्या खोक्यांत शिरलं आणि दुसऱ्या दिवशीही बाहेर येईना. दूध ठेवलं, बिस्किटं ठेवली, ढिम्म हललं नाही. आत्या चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आली होती. ती खाली वाकून बघते न बघते तोच ते खोक्यातून निघालं आणि थेट तिच्या पदरात तोंड खुपसून उभं राहिलं. "माझ्याकडे येतोय म्हणजे ह्याला काही म्हणजे काही कळत नाही," आत्या म्हणाली आणि त्याला घरी घेऊन गेली. नाव ठेवलं मॉनिटर. वर्गातल्या सगळ्यात भित्र्या मुलाला मॉनिटर केलं की तो धीट होतो, हा तिचा नोकरीभरचा अनुभव होता. तो आयुष्यात पहिल्यांदा खोटा ठरला.

मॉनिटर कुकरच्या शिट्टीला घाबरायचा. उघडणाऱ्या छत्रीला, गॅसच्या सिलिंडरला, भंगारवाल्याच्या आरोळीला, पेपरच्या घडीला घाबरायचा. भिंतीवर पाल चुकचुकली की हा कॉटखाली. स्वतःच्या भुंकण्याने एकदा असा दचकला की पुढे महिनाभर भुंकला नाही. घाबरला की त्याला एकच जागा ठाऊक होती, आत्याचा पदर. रोज सकाळी आत्या बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायची, तेवढा वेळ तो बाहेर येऊन तिच्या मांडीला टेकून बसायचा. एरवी त्याचं घर म्हणजे कॉटखालची जागा. तिचा आवाज ऐकून लिफ्टमध्ये गप्प होणाऱ्या माणसांनी तिला घरी कॉटखाली वाकून "अरे, तो मिक्सर आहे, तो काही करत नाही," असं हळू आवाजात समजावताना ऐकलं असतं, तर कानावर विश्वास ठेवला नसता. मी स्वतः ठेवला नाही. शाळेत असताना मला तिने पाढे चुकल्यावर गॅलरीत उभं केलेलं आहे.

मॉनिटर पाच वर्षांचा असताना त्याच्या जबड्याखाली आत्याच्या हाताला गाठ लागली. पट्टा बांधताना लागली. तिथून आमच्या घरात एकच प्रश्न उरला: हा कुत्रा तपासायचा कसा? कारण अनोळखी माणसाने हात लावला की तो थरथर कापायचा, मुतायचा आणि मग भीतीने चावायला यायचा. आणि आत्याची अट अशी की त्याला धरून, दाबून, बांधून काही करायचं नाही. "गाठ तर बघायचीच, पण त्याला भीती घालून नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, हे दोन्ही एकत्र जमणार कसं?" "जमवणारा डॉक्टर शोधायचा," ती म्हणाली. शोधायचा म्हणजे तिने शोधायचा आणि मी गाडी चालवायची. सोमवारी माझं दुकान बंद असतं हे तिला दुर्दैवाने माहीत होतं.

पहिले डॉक्टर हुशार होते, पण दाराबाहेर गर्दी होती आणि त्यांना घाई होती. त्यांच्या मदतनिसाने दोरी आणताच मॉनिटर औषधांच्या कपाटामागे गेला आणि आत्या डॉक्टरांच्या अंगावर गेली. "तुम्हाला दोरीने बांधून कधी कोणी तुमची दाढ तपासली आहे का?" तिने विचारलं. त्यांनी आम्हाला हात जोडले. दुसरा दवाखाना ठाण्यात, काचेचा. आत एसी, कॉफीचं मशीन आणि आरशासारख्या फरश्या. त्यांवरून मॉनिटरचे चारही पाय चार दिशांना गेले आणि तो मधे पोटावर पसरला. तिथल्या डॉक्टरांनी संगणकात बघत बघतच त्याची चौकशी केली, तेव्हा आत्या म्हणाली, "विद्यार्थी इकडे आहे." डोंबिवलीच्या डॉक्टरीणबाई स्वभावाने फार गोड. त्या "शोनू, पिलू, बाळा" करत जवळ येत गेल्या आणि त्यांच्या प्रत्येक लाडासरशी मॉनिटर मागे सरकत गेला. शेवटी भिंत लागल्यावर त्याने त्यांची साडी भिजवली. बिचाऱ्या हसल्या. आत्यानेही त्यांची मनापासून माफी मागितली, पण जिना उतरताना शेरा दिलाच: "वर्तणूक उत्तम, प्रगती असमाधानकारक."

मग तिने पद्धत बदलली. शाळेत पूर्वी साहेब तपासणीला यायचे आणि मागच्या बाकावर गुपचूप बसायचे, तशी ही कुत्र्याला घरी ठेवून दवाखान्यांची तपासणी करायला निघाली. बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसायची. कोणी विचारलं, "तुमचं कुठलं?" की सांगायची, "घरी आहे." मी एकदा विचारलं, नुसतं बसून काय कळतं? म्हणाली, "आत जाताना सगळेच रडतात, पहिलीच्या वर्गासारखे. बाहेर कसे येतात ते बघायचं असतं." कुठे कुत्री बाहेर येताच रस्त्याकडे पळायची, कुठे मालकाकडे बघायचीच नाहीत. आत्या नाक मुरडायची आणि मला गाडी काढायला सांगायची. हे हसण्यासारखं होतं आणि मी घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवतही होतो. पण या तपासणीत पावसाळा सरला आणि गाठ लिंबाएवढी झाली. मी एकदा गाडीत म्हटलं, "आत्या, आता कोणीही चालेल." तिला ते कळत नव्हतं असं नाही. पट्टा ती आता गाठीवर लागू नये म्हणून एक भोक ढिला बांधत होती.

ठाकुर्लीचे डॉक्टर सापडले ते असे. एक बिनदाराची पडवी, टेबल नाही, फरशीवर गोणपाट, आणि त्यावर मांडी घालून बसलेला एक अगडबंब म्हातारा. जन्म खाडीकाठच्या तबेल्यांत म्हशींची बाळंतपणं करण्यात गेलेला. तबेले गेले, तिथे टॉवर आले, तेव्हा हे कुत्र्या-मांजरांकडे वळले होते. साताऱ्याकडची बोली मात्र त्यांनी गावाहून आणली होती तशीच ठेवली होती. आत्या तपासणीला बसली असताना तिथून एक कुत्री बाहेर आली, दोन पावलं गेली आणि परत फिरून डॉक्टरांचा हात चाटून गेली. आत्या मला म्हणाली, "पुढच्या सोमवारी मॉनिटरला आणायचं."

पुढच्या सोमवारी आम्ही मॉनिटरला नेलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते पेपर वाचत होते. पानही अलगद उलटत होते, आवाज न करता. अर्ध्या तासाने म्हणाले, "झालं. आता पुढल्या सोमवारी." आत्या थक्क. त्याच्या पुढच्या सोमवारी त्यांनी भाकरीचा तुकडा गोणपाटावर ठेवला आणि पाठ करून बसले. तो मॉनिटरने खाल्ला आणि लगेच आम्हाला निरोप. तिसऱ्या सोमवारी तो आपण होऊन त्यांच्या गुडघ्याशी गेला आणि त्यांनी त्याला मान, बगला, पाय असं सावकाश खाजवलं. बस. आत्याने ज्यासाठी अख्खा तालुका पालथा घातला होता, तो सबुरीचा डॉक्टर तिला मिळाला होता आणि आता ती सबुरीच तिला सोसवत नव्हती. गाडीत ती नुसती धुमसायची. "हा डॉक्टर आहे की ध्यानाला बसलेला भन्ते आहे? हात लावून गाठ बघायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "तुलाच असा हवा होता." त्यावर तिने मला गाडी नीट चालवायला सांगितलं.

चौथ्या सोमवारी तिचा बांध फुटला. मॉनिटर डॉक्टरांच्या मांडीला टेकून डोळे मिटून बसला होता आणि ते त्याचे कान चोळत होते. आत्या उभी राहिली. "डॉक्टर, तुम्ही ह्याला तपासणार कधी?"

"तपासून झालंय, बाई. मागल्या सोमवारीच." त्यांचा हात थांबला नाही. "खाजवता खाजवता. हितं हाय, बगलेत हाय, मागल्या पायांच्या मागं हाय. कॅन्सर हाय, सगळीकडं पसरलाय."

आत्या उभीच होती. "मग मागच्या सोमवारी का नाही सांगितलंत?"

"कुत्र्याची वळख झाली हुती," ते म्हणाले, "तुमची व्हायची हुती. बसा की जरा."

आत्या गोणपाटाच्या कडेला बसली. तिला कोणी बसायला सांगितलं आणि ती बसली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मी आधी आले असते तर?" त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, "थोडा फरक पडला असता. फार न्हाई." मग सांगितलं की मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं तर सलाइनमधून औषधं देतात, दर आठवड्याला, पिंजऱ्यात ठेवून. त्याने काही महिने वाढतील. "आणि ते महिने त्याचे भीतीत जातील," आत्या म्हणाली. तेव्हा ती आतोबांबद्दल, तिच्या गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलली, जे ती आमच्याशी कधीच बोलली नव्हती. "आमच्या ह्यांना हॉस्पिटलात आत नेलं ते नेलंच. मला दाराबाहेर बसवलं. शेवटी जवळ सगळे अनोळखी. ते भित्रे होते हो, फार भित्रे. कोणाला सांगायचे नाहीत." मी तिचा सख्खा भाचा, आतोबांच्या खांद्यावर बसून वाढलेला, आणि हे मला माहीत नव्हतं. मॉनिटरला मुंबईला न्यायचं नाही, हे तिने तिथेच ठरवलं. कोणाशी न भांडता तिने घेतलेला हा पहिलाच निर्णय असावा. पण याचं शेवटचं इंजेक्शन असेल ते ओळखीच्या हातून, एवढं मात्र तिने डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं.

त्यानंतरही आम्ही दर सोमवारी ठाकुर्लीला जात राहिलो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी मॉनिटर मधे काही दिवस इतका तरतरीत झाला की मला उगाच आशा वाटू लागली, आणि आत्याने मला त्याबद्दल दटावलं. तो आता गाडीतून उतरताच पडवीकडे ओढायचा. आत्या डब्यात भाकरी न्यायची, डॉक्टर म्हशींच्या गोष्टी सांगायचे आणि आत्या त्यातल्या चुका काढायची. "गेल्या खेपेला ती म्हैस मुरबाडची होती." "आसंल की, बाई." बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, तीन म्हातारे उन्हाला बसलेत. मी गाडीला टेकून उभा असायचो आणि हे असंच चालू राहावं असं मला फार वाटायचं.

चाललं नाही. हिवाळा सरताना मॉनिटरने खाणं सोडलं आणि एका सोमवारी सकाळी मी त्याला उचलून पडवीत नेलं. गोणपाटावर ठेवलं, तर तो तसाच सरपटत डॉक्टरांकडे गेला आणि त्यांच्या मांडीवर मान टाकली. आत्या त्याच्या मागेच बसली होती, पदर पुढे घेऊन, तो कधी घाबरेल आणि कधी वळेल याची वाट बघत. डॉक्टरांनी नेहमीसारखं मानेवर खाजवलं. पहिलं इंजेक्शन झोपेचं होतं. ते त्याला कळलंही नसावं. शेजारच्या आवारात कोणीतरी मोटरसायकल चालू केली, त्यावरही त्याचा कान हलला नाही. मग दुसरं दिलं. डॉक्टरांनी बराच वेळ हात काढला नाही. आत्याने पदर परत खांद्यावर घेतला.

परतताना पत्रीपुलावर गाडी अडकली. आत्या नेहमीसारखी मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "एकदासुद्धा वळून बघितलं नाही रे माझ्याकडे. पाच वर्षं जरा खुट्ट झालं की माझ्याकडे यायचा. आणि आज एकदाही नाही."

मी म्हटलं, "आत्या, तो घाबरला नव्हता म्हणून."

"ते कळतंय मला," ती म्हणाली. "मी काय पहिलीत आहे?" पण तो आवाज तिचा नव्हता. पुढच्या गाड्या हलायला अजून वेळ होता. मी हात वर नेला आणि मागची सीट दिसणार नाही इतका समोरचा आरसा वर वळवून ठेवला.